पाणी कुठून येतं? आमगावच्या नहरांवरून सायकलने वाचलेला इतिहास



परवा नुकतीच एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. पेट पास झाली आहे, आता रिसर्च प्रपोजल लिहायचं चाललंय. तिने विचारलं, "ताई, आपण सायन्सवाले. मग 'अभ्यासक्षेत्राची पार्श्वभूमी' मध्ये इतिहास कशाला? नेटवरून दोन परिच्छेद उचलून टाकले तर चालतील ना?"

मी तिला रागावले नाही. कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. त्या दोन परिच्छेदांपायी माझं जवळजवळ एक वर्ष वाया गेलं. ते कसं, आणि मी त्यातून बाहेर कशी पडले, हे आज सांगते. लेखाच्या मध्यभागी एक सायकल आहे, दोन-तीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि थोडंसं फ्रान्सही आहे. पण मुद्दा एकच आहे: तुमच्या अभ्यासक्षेत्राचा इतिहास ही प्रस्तावनेची सजावट नसते, तो तुमच्या डेटाचा भाग असतो.

माझी चूक

माझा विषय वनस्पतीशास्त्रातला आहे. तलावातल्या पाणवनस्पती वर्षभरात कशा बदलतात, हे मी बघते. आमगाव आणि आसपासच्या भागातले बारा तलाव मी निवडले. त्यांचे दोन गट केले. फक्त पावसावर भरणारे सात आणि कालव्याचं पाणी मिळणारे पाच. तुलना या दोन गटांची होती, म्हणजे सगळं संशोधन या विभागणीवर उभं होतं.

विभागणी केली कशी? यादीत एखाद्या तलावापुढे 'माजी मालगुजारी तलाव' असं दिसलं की मी तो पावसाच्या गटात टाकायचे. मालगुजारी म्हणजे जुना, जुना म्हणजे कालव्याच्या आधीचा, म्हणजे पावसावरचा. हिशोब सरळ वाटत होता.

त्यातला एक तलाव मात्र ऐकेना. (गावाचं नाव इथे देत नाही.) मार्च महिना लागला की आपल्याकडच्या तलावांचं पाणी काठापासून मागे सरकतं, ओला चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलावर येणाऱ्या वनस्पतींचा एक वेगळाच पट्टा तयार होतो. या तलावात तो पट्टा आलाच नाही. पाणी जवळजवळ तिथेच, हायड्रिला जोरात. मी याला छान स्पष्टीकरण शोधलं. तळाशी बारीक गाळ साचलाय, त्यामुळे पाणी मुरत नाही. प्रगती अहवालात एक आलेख टाकला, दोन संदर्भ जोडले.

संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तो आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "या तलावात पाणी कुठून येतं?"

मी म्हटलं, "पावसाचं, सर."

"कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादीत तसं लिहिलंय, एवढंच होतं. आणि खरं तर यादीत तसंही लिहिलेलं नव्हतं. यादीत फक्त तलाव पूर्वी कोणाचा होता ते लिहिलं होतं. पाणी कुठून येतं हे मी माझ्या मनाने वाचलं होतं.

सायकल का?

लॉकडाऊनमध्ये मला फ्रान्समधल्या कालव्याकाठच्या सायकल प्रवासाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. जाड टायरची सायकल, एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं, मध्येच एखादं जुनं गाव, चर्च, पूल. बघता बघता एक दिवस वाटलं, अरे, हे तर आपल्याकडेही आहे! चर्चच्या जागी देवळं आणि द्राक्षाच्या जागी धान. मग एक जुनी एमटीबी विकत घेतली. तेव्हा हौस म्हणून घेतली होती, ती पुढे माझ्या संशोधनाचं साधन झाली.

बाईकवर तुम्ही रस्त्याने तलावापर्यंत जाता, नमुने घेता आणि परत येता. तलाव हा नकाशावरचा एक ठिपका राहतो. सायकलवर तसं होत नाही, कारण सायकलवर जमिनीचा उतार पायांना कळतो. नहराची पाळ जवळजवळ सपाट असते. कालवा जमिनीच्या समान उंचीच्या रेषेला धरून अगदी थोडा उतार ठेवत वळणं घेत जातो, त्यामुळे गिअर बदलावा लागत नाही. जुन्या तलावांच्या साखळीतून गेलात तर मात्र वेगळंच जाणवतं. एका तलावाच्या पाळीवरून खाली उतरा, बांध्यांमधून जा, की पुढच्या तलावाचं पाणी सुरू होतं. पुन्हा पाळ, पुन्हा उतार. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावाकडे जातं, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. कळली ती उतारावर पॅडल न मारता गेले तेव्हा.

जमिनीचा रंगही दिसतो. आपल्याकडे शेतकरी जमिनीला सिहार, कन्हार, मोरांड, खरडी, बर्डी अशी नावं देतात. वरच्या अंगाला हलकी बर्डी, खाली धानाची सिहार, सखल भागात काळी कन्हार. पावसाळ्यात कन्हार टायरला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्या दिवसानंतर मातीचा प्रकार कोणाला विचारावा लागत नाही.

समितीच्या बैठकीनंतरच्या रविवारी सकाळी मी ठरवलं की तलावाकडे रस्त्याने जायचं नाही. पाण्याच्या बाजूने जायचं.

वाटेत पदमपूर: नावावरून इतिहास सांगता येतो का?

निघताना आधी पदमपूरला थांबले. आमगावात शिकलेल्या प्रत्येकाला हे गाव माहीत असतं. गावात जुने दगडी अवशेष आहेत, आणि संस्कृत नाटककार भवभूती इथला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमगावच्या महाविद्यालयाचं नावसुद्धा भवभूती महाविद्यालय आहे.

पण हे आपल्याला कशावरून माहीत आहे? भवभूती आठव्या शतकातला. कनौजच्या यशोवर्म्याच्या दरबाराशी त्याचा संबंध कल्हणाच्या राजतरंगिणीत सांगितला आहे. स्वतः भवभूतीने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत आपलं घराणं दक्षिणापथातल्या पद्मपूरचं असल्याचं म्हटलंय. आता पद्मपूर हे नाव काही दुर्मिळ नाही. नागपूरचे मोठे संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं मांडलं. नुसतं नाव जुळतंय म्हणून नाही. दुर्गला सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटात पद्मपूर हे ठिकाण येतं. म्हणजे वाकाटकांच्या काळात या पट्ट्यात त्या नावाचं महत्त्वाचं स्थळ होतं, असं म्हणायला स्वतंत्र पुरावा मिळाला. दुर्ग आपल्याच रेल्वेमार्गावर पूर्वेला आहे.

हा युक्तिवाद पायरी पायरीने बघा. नाटकाची प्रस्तावना हा एक पुरावा. ताम्रपट हा दुसरा, पण तो भवभूतीच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचा. आजच्या गावाचं नाव आणि अवशेष हा तिसरा. तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात म्हणून मत भक्कम होतं. एकटं नाव घेतलं असतं तर काही हाती लागलं नसतं. याच कवीच्या 'मालतीमाधव' मधली कथा पद्मावती नावाच्या नगरीत घडते, आणि ती नगरी ग्वाल्हेरजवळचं पवाया असल्याचं मानतात. पद्मपूर आणि पद्मावती यांची गल्लत झाली की कवीचं गाव आठवलेल्या नावासरशी शेकडो किलोमीटर सरकतं.

तिथे उभी असताना मला माझी चूक नीट दिसली. मिराशींनी नाव जुळल्यावर दुसरा पुरावा शोधला. मी 'मालगुजारी' हे नाव बघितलं आणि थांबले.

पाळीवर भेटलेले आबाजी

पदमपूरनंतर नहराची पाळ धरली. उन्हाळी धानासाठी पाणी सोडलेलं होतं. मुख्य नहरावरून लहान नहर, त्यावरून पाट. पाटाचा शेवट कुठे होतो, ते बघत बघत मी चालले होते. पाट दोन ठिकाणी फुटला, एकदा चुकीच्या फाट्याने गेले, परत आले. आणि शेवटी ज्या तलावाच्या पाळीवर पोहोचले तो तोच तलाव होता. माझा 'पावसावरचा' तलाव.

तेवढ्यात मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पाळीवर मोहाच्या झाडाखाली एक आबाजी बकऱ्या घेऊन बसले होते.

"टायर गेला का बेटा?"

"हो आबाजी, काटा शिरला."

पंक्चर काढता काढता मी विचारलं, "आबाजी, या तलावात पाणी पावसाचंच ना?"

"अर्धं. पावसाळ्यात आभाळाचं, उन्हाळ्यात नहराचं. पुजारीटोल्याचं पाणी सुटलं का पाट भरते. बांध्यांचं झालं का उरलंसुरलं इथंच येते."

"कधीपासून येतं?"

"झाले बहुत साल."

इथे मी गप्प बसले असते तर 'बरीच वर्षं' एवढंच हाती लागलं असतं. मौखिक इतिहासाची एक साधी युक्ती लक्षात ठेवा. वर्ष विचारू नका, शेजारची घटना विचारा. मी विचारलं, "तुमच्या लग्नाच्या आधी की नंतर?"

"नंतर. माझं लगन झालं तेव्हा बांगलादेशची लढाई चालू होती. मोठा पोरगा रांगायला लागला, तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं. आम्ही सगळे बघायला गेलो होतो."

बांगलादेशचं युद्ध १९७१ चं. म्हणजे या तलावात नहराचं पाणी १९७३-७४ च्या आसपास पोहोचलं असणार. बाघ नदीवरच्या प्रकल्पाच्या काळाशी हे जुळतं. त्या दहा मिनिटांत मला जे मिळालं ते माझ्या दोन हंगामांच्या नमुन्यांमध्ये नव्हतं.

एका तलावात किती काळ असतात?

त्यानंतर मी या भागातल्या पाण्याचा इतिहास शिस्तीत वाचायला घेतला. थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला कुठे शोधायचं ते कळेल.

सगळ्यात जुना थर तलावांचा. पूर्व विदर्भात पाऊस चांगला पडतो, तेराशे मिलिमीटरच्या आसपास. मग तलाव कशाला? कारण धानाला पाणी वेळेवर लागतं. रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो, किंवा लोंबी भरायच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, महिनाभर थेंब नाही. तलाव ही त्या पंधरा-वीस दिवसांची सोय होती. हे काम करणाऱ्यांमध्ये कोहळी समाजाचं नाव पहिलं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोहळी तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे म्हणून येतात. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं, अशी आख्यायिका आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. इथे माझे दोन शब्द बघा: 'आख्यायिका आहे' आणि 'मानतात'. प्रपोजलमध्ये हे शब्द गाळू नका. ते गाळले की ऐकीव गोष्ट तुमच्या नावावर तथ्य म्हणून छापली जाते.

दुसरा थर मालगुजारीचा. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्या दशकात झालेल्या जमीन बंदोबस्तात इंग्रजांनी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना मालकी हक्क दिले. 'माल' म्हणजे महसूल, 'गुजार' म्हणजे तो भरणारा. त्यामुळे आधीच बांधलेले कितीतरी तलाव आता 'मालगुजाराचे' झाले. इथे माझा पहिला गैरसमज फुटला. 'मालगुजारी तलाव' हे नाव तलाव कोणी बांधला हे सांगत नाही, कधी बांधला हेही सांगत नाही. १८६० च्या दशकानंतर तो कोणाच्या मालकीचा होता, एवढंच सांगतं.

तिसरा थर सरकारी तलावांचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. १९०१ मध्ये भारतीय सिंचन आयोग नेमला गेला, १९०३ मध्ये अहवाल आला, आणि त्यानंतर धानाच्या या पट्ट्यात सरकारने स्वतः मोठे तलाव बांधायला घेतले. तिरोड्याकडचे बोदलकसा आणि चोरखमारा हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकातले. आज पर्यटक दोघांनाही 'प्राचीन तलाव' समजून फोटो काढतात.

चौथा थर मालकी जाण्याचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली, १९५१ मध्ये अंमल सुरू झाला. तलाव सरकारकडे आले. पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले. गाळ काढणं, पाळीची डागडुजी, पाण्याची वाटणी ही कामं पूर्वी गावात ठरत होती, ती आता कागदावर ठरू लागली. अनेक तलावांत गाळ साचला, बेशरम माजली. ढीवर समाजाची मासेमारी पूर्वी मालगुजाराच्या मर्जीवर होती, आता सहकारी संस्थांच्या ठेक्यावर आली. पण म्हणून मालगुजारी म्हणजे सुवर्णकाळ, असंही लिहू नका. तलावाची माती उपसणाऱ्या हातांमध्ये वेठबिगारीचे हातही होते. चांगली पाळ आणि अन्याय, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

पाचवा थर नहरांचा. बाघ प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा संयुक्त. सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही त्याची धरणं. पुजारीटोल्याच्या कालव्यांनी सपाट धानपट्ट्यात पाणी आणलं. नवा पाट जुन्या बांध्यांमधून गेला आणि त्याचं उरलेलं पाणी जुन्या तलावात पडायला लागलं. कागदावर तलाव 'माजी मालगुजारी' च राहिला. पाणी मात्र बदललं.

आता माझ्या त्या आलेखाकडे बघा. ज्याला मी गाळाचा परिणाम म्हणत होते, तो नहराच्या पाण्याचा परिणाम असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. वनस्पतींनी खरं सांगितलं होतं. मी त्यांना चुकीच्या गटात बसवलं होतं.

फ्रान्सचा कालवा आणि तोच प्रश्न

व्हिडिओंमध्ये ज्याच्या काठाने लोक सायकल चालवत होते, त्या कालव्याबद्दलही मी नंतर वाचलं. कॅनाल द्यू मिदी. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा. बांधकाम १६६६ ते १६८१. १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. आज ज्या वाटेवर सायकली चालतात ती बरीचशी कालव्यातल्या बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट होती. आपल्या नहराची पाळही सायकलसाठी नाही, देखभालीसाठी बांधलेली. जुन्या कामाची वाट नंतर दुसऱ्याच कामाला येते, हे दोन्हीकडे सारखं.

हा कालवा उभा करणारा पिएर-पॉल रिके कोण होता? इंजिनिअर नव्हता. मिठावरचा कर गोळा करणारा ठेकेदार होता. म्हणजे त्याच्या मुलखातला एका अर्थी मालगुजारच! आणि त्याच्यापुढची मुख्य अडचण काय होती? अटलांटिक आणि भूमध्य या दोन बाजूंच्या मधल्या सर्वांत उंच जागी, नोरूझच्या खिंडीत, कालव्यासाठी पाणी कुठून आणायचं? तिथून दोन्हीकडे पाणी सोडता आलं तरच बोटी चढून-उतरून पार जाणार होत्या. रिकेने जवळच्या मोंताञ न्वार डोंगरातले ओढे अडवून पाटाने ते पाणी खिंडीत आणलं, सँ-फेरेओल इथे मोठा जलाशय बांधला. कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, तो वारला.

पण माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. चंद्रा मुखर्जी या संशोधिकेने २००९ मध्ये या कालव्यावर 'इम्पॉसिबल इंजिनिअरिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की हा कालवा एका माणसाच्या बुद्धीतून आलेला नाही. कामावर आलेल्यांमध्ये पिरेनीज डोंगराकडच्या शेतकरी बायका होत्या. डोंगरउतारावर पाणी कसं वळवायचं हे ज्ञान त्यांच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, आणि ते कालव्यात उतरलं. नाव मात्र रिकेचं राहिलं, कारण कागदपत्रं त्याच्या नावाने होती.

हे वाचल्यावर मला आपले तलाव आठवले. मालगुजाराचं नाव कागदावर आहे. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठल्या अंगाला ठेवायचा, हे ठरवणारे आणि माती वाहणारे बहुतेक निनावी आहेत. पाणी आज कसं फिरतं हे सांगणारे आबाजीही कुठल्या रजिस्टरमध्ये नाहीत. तुम्ही फक्त कागद वाचलात, तर तुमचा इतिहास कागद ठेवणाऱ्यांचा इतिहास होईल. आणि माझ्या बाबतीत तर विज्ञानही चुकलं.

मग तुम्ही काय करायचं?

आबाजींचं बोलणं मी तसंच थिसिसमध्ये टाकलं नाही. तेही एकच साक्षीदार आहेत. मी ते तीन बाजूंनी तपासलं. तुमच्या कामी येईल म्हणून क्रमाने सांगते.

१) नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या, एक इंचाला एक मैल प्रमाणाच्या शीट आणि नंतरच्या १:५०,००० च्या शीट शेजारी ठेवा. आमगावचा भाग ६४ सी मध्ये येतो. जुन्यावर तलाव आहे आणि नहर नाही, नव्यावर दोन्ही आहेत, एवढ्यावरून बरंच कळतं. शीटवर सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं. सर्वेक्षणाचं वर्ष घ्या.

२) उपग्रह चित्रं. पहिला लँडसॅट १९७२ मध्ये गेला आणि ती सगळी चित्रं आज फुकट मिळतात. २०१५ नंतरची जास्त स्पष्ट चित्रं सेंटिनेल-२ ची आहेत. एप्रिल-मे महिन्यातली वेगवेगळ्या वर्षांची चित्रं घ्या. शेजारचे तलाव आटलेले असताना एखादा दरवर्षी भरलेला दिसला, तर त्याला पाणी दुसरीकडून येतंय असा संशय घ्या.

३) महसुली कागद. मध्य प्रांतातल्या गावांसाठी वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक ही दोन नावं पाठ करा. तलावाचं पाणी, मासे, चराई यावर गावात कोणाचे काय हक्क होते हे त्यात नोंदवलेलं असतं. हे शोधताना आपल्या भागाची एक गंमत लक्षात ठेवा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधीचं सगळं 'भंडारा' या नावाखाली शोधावं लागतं. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यातही नव्हतो, राजधानी नागपूर होती. त्यामुळे 'महाराष्ट्र, गोंदिया' असं शोधून काही सापडलं नाही तर नोंद नाही असं समजू नका. तुम्ही चुकीच्या जिल्ह्याच्या दारात उभे आहात.

४) गॅझेटिअर. चार्ल्स ग्रँटचं १८७० चं मध्य प्रांताचं गॅझेटिअर आणि रसेलचं १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटिअर जरूर वाचा. पण ते सारा वसूल करणाऱ्या सरकारने लिहवून घेतलेलं आहे. कोणत्या गोष्टीचं तपशीलवार वर्णन आहे आणि कशाबद्दल एक ओळही नाही, दोन्ही बघा.

५) माणसं. पाणी सोडणारा, मासे धरणारा, बकऱ्या चारणारा. तिघांना वेगवेगळं विचारा. एका तलावाला तीन भेटी द्या: पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि मे महिन्यात. मे मधली भेट टाळू नका. मी टाळली होती, उन्हाचं कारण सांगून.

आणि जमलं तर सायकलने जा. गिअरची महागडी हवीच असं नाही. दोन पंक्चर किट ठेवा, बाभळी सगळीकडे आहेत. नहराच्या पाळीवर पाणी सोडलेलं असताना काठाला चिकटून चालवू नका. मुलींनी घरी मार्ग सांगून, शक्यतो मैत्रिणीला घेऊन जा. मी पहिल्यांदा एकटी गेले त्यावर आई चार दिवस बोलत होती, आणि तिचं बरोबर होतं.

शेवट काय झाला?

बाराही तलाव मी नव्याने तपासले. 'पावसावरचे' म्हणून धरलेल्या सातपैकी तीन तलावांत नहराचं पाणी येत होतं. तुलनेसाठी उरले फक्त चार. दोन हंगामांचा डेटा फेकला नाही, पण तिसरा 'मिश्र' गट करावा लागला आणि पावसावरचे आणखी तीन तलाव शोधून पुन्हा वर्षभर नमुने घ्यावे लागले. जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन अशी पाच वर्षं ऐकायला खूप वाटतात. त्यातलं एक असं गेलं. पुढच्या वर्षी माझी फेलोशिप संपते आणि लिखाण अजून बाकी आहे. हे वर्ष मला परवडणारं नव्हतं.

पण त्या मिश्र गटानेच आज थिसिसमधलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण दिलंय. जुन्या तलावात नवं पाणी आल्यावर काय काय बदलतं, कोणती वनस्पती तग धरते, कोणती जाते, हा प्रश्न मी मुळात विचारलाच नव्हता. तो मला इतिहासाने दिला.

फोनवरच्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, "तू निवडलेल्या प्रत्येक तलावापुढे एक रकाना कर: पाणी कुठून येतं आणि हे मला कशावरून कळलं. दुसऱ्या भागात 'नेटवर वाचलं' असं लिहावं लागलं, तर तो रकाना रिकामाच ठेव."

काल तिचा मेसेज आला. दहा तलावांपैकी आठ रकाने रिकामे आहेत. या रविवारी ती भावाची सायकल घेऊन निघणार आहे.